प्रतिबिंबित डिस्कसंच

प्रतिबिंबित डिस्कसंच : एकच माहिती एकाच वेळी दोन (क्वचित तीन) हार्ड डिस्कवर तंतोतंत लिहून ठेवणारी संगणकीय साठवण-व्यवस्था. संचातील एक डिस्क निकामी झाली, तरी दुसरीच्या आधारे काम अखंड चालू राहावे, हा तिचा हेतू. तंत्रज्ञांच्या बोलीत तिला ‘मिरर’ किंवा ‘रेड-१’ म्हणतात. बँका, साखर कारखाने, दूध संघ, रुग्णालये, विद्यापीठे इत्यादींच्या सर्व्हरमध्ये घेतली जाणारी ही एक साधी व अतिशय प्रचलित दक्षता होय. पहिल्या डिस्कच्या बिघाडाने माहिती सहसा नष्ट होत नाही. ती पुष्कळदा त्यानंतरच्या दुरुस्तीत नष्ट होते. त्यामुळे संचाच्या रचनेइतकेच बिघाडाच्या शोधाला व दुरुस्तीच्या क्रमाला महत्त्व आहे.

कोल्हापूरसारख्या सहकाराने व्यापलेल्या जिल्ह्यात या विषयाला व्यावहारिक अर्थ आहे. वारणानगर (ता. पन्हाळा) परिसरातील कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील ७० गावे संगणकांनी जोडण्याचा प्रकल्प १९९८ मध्ये केंद्र व राज्य शासन आणि वारणेचा सहकारी समूह यांच्या सहभागाने हाती घेण्यात आला. ऊस-लागवडीची नोंद, तोडणीचा परवाना, काट्यावरील वजन व बिलाची रक्कम ही माहिती शेतकऱ्याला गावातच मिळावी, असा त्यामागील विचार होता. पुढे काही गावांत संगणकाऐवजी मोबाइलवरील लघुसंदेशांनी हेच काम करण्याचा प्रयोगही झाला. गावात यंत्र कोणतेही असो, मूळ नोंद मध्यवर्ती सर्व्हरवरच साठते. पूर्वी वजनाची पावती, खतावणी व कारखान्याचे रजिस्टर अशा तीन ठिकाणी विखुरलेली नोंद आता काही मिलिमीटर जाडीच्या तबकड्यांवर एकवटली आहे. गळीत हंगामातील एका दिवसाची वजने नाहीशी झाली, तर ती पुन्हा मोजता येत नाहीत. ऊस तोवर गाळला गेलेला असतो.

इतिहास : चुंबकीय तबकड्यांवर माहिती साठविणारे पहिले व्यापारी यंत्र आयबीएम कंपनीने १९५६ मध्ये आणले. त्यात ६१ सेंमी. व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या सर्वांवर मिळून सुमारे ५० लक्ष अक्षरे मावत. अशी यंत्रे फार महाग असल्याने प्रत्येकाची जोडी ठेवणे बहुतेकांना परवडत नसे. बँकांसारख्या, क्षणभरही न थांबू शकणाऱ्या व्यवहारांसाठी टँडेम कंपनीने १९७६ पासून विकलेल्या संगणकांत डिस्कच्या प्रतिबिंबित जोड्या होत्या. १९८८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनी एका निबंधात स्वस्त डिस्कचे संच बांधण्याच्या पद्धतींची पाच प्रकारांत वर्गवारी केली. त्यातील पहिला प्रकार म्हणजे प्रतिबिंबन. ‘रेड’ हे आद्याक्षरी नाव या निबंधामुळे रूढ झाले. त्यातील एका अक्षराचा मूळ अर्थ ‘स्वस्त’ असा होता. पुढे उत्पादकांनी तो ‘स्वतंत्र’ असा केला.

कार्यतत्त्व : लेखनाची प्रत्येक आज्ञा दोन्ही डिस्कना दिली जाते व दोन्हींकडून पोच आल्यावरच लेखन पूर्ण झाले असे मानले जाते. वाचन कोणत्याही एका डिस्कवरून करता येते. दोन डिस्कची किंमत देऊन एकीचीच धारणक्षमता मिळते, हा या पद्धतीचा उघड तोटा. संचाचे नियंत्रण स्वतंत्र कार्डाकडे असते किंवा ते संगणकाच्या कार्यप्रणालीतील सॉफ्टवेअरकडे सोपविलेले असते. एक डिस्क निकामी ठरताच नियंत्रक तिला संचातून वगळतो व उरलेल्या डिस्कवर काम चालू ठेवतो. संचाच्या या स्थितीला ‘अपूर्णावस्था’ म्हणता येईल. नवी डिस्क बसविल्यावर उरलेल्या डिस्कवरील सर्व मजकूर तिच्यावर उतरविला जातो, ही पुनर्बांधणी होय. इंग्रजीत तिला आरशावर पुन्हा पारा चढविणे अशा अर्थाचे नाव आहे आणि ते समर्पकही आहे.

अपूर्णावस्थेचे लक्षण असे की, वापरणाऱ्यास काहीच जाणवत नाही. खिडकीवरील कारकुनाचे काम पूर्वीसारखेच चालते. यंत्राच्या दर्शनी भागावर पिवळा वा तांबडा दिवा लागतो, काही यंत्रे भोंगा वाजवितात, काही ठरलेल्या पत्त्यावर ई-मेल पाठवितात. भोंगा त्रासदायक म्हणून बंद केला जातो. ई-मेलचा पत्ता नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा असतो. आणि सर्व्हर ठेवलेल्या खोलीला कुलूप असल्याने दिवा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. अशा तऱ्हेने एकाच डिस्कवर महिनोन्‌महिने चाललेले संच आढळतात. दुसरी डिस्क बंद पडते तेव्हाच पहिली केव्हा बंद पडली होती याचा शोध सुरू होतो. लिनक्स प्रणालीतील संचाच्या स्थितिदर्शक मजकुरात दोन ‘यू’ अक्षरे असतील, तर दोन्ही डिस्क कार्यरत आहेत असे समजावे. एका अक्षराच्या जागी अधोरेषा दिसली, तर संच अपूर्ण आहे. ही एक ओळ रोज पाहण्यास अर्धे मिनिट पुरते.

बिघाडाची निश्चिती : संच अपूर्ण झाल्याचे कळताच डिस्क उपसून काढण्याची किंवा यंत्र बंद करून पुन्हा सुरू करण्याची घाई होते. या दोन्ही गोष्टी टाळाव्यात. प्रथम उरलेल्या डिस्कवरील माहितीची ताजी प्रत संचाबाहेरील माध्यमावर घ्यावी. पुनर्बांधणीत या एकमेव डिस्कचा प्रत्येक भाग सलग कित्येक तास वाचला जाणार असतो. ती बहुधा पहिल्या डिस्कच्याच वयाची, त्याच कंपनीची, पुष्कळदा एकाच खोक्यातून आलेली असते आणि तिने तेच तापमान, तेच विजेचे झटके सोसलेले असतात. ब्यांका श्रोडर व गार्थ गिब्सन यांनी २००७ मध्ये मोठ्या संगणककेंद्रांतील नोंदी तपासल्या, तेव्हा डिस्कचे बिघाड परस्परांपासून स्वतंत्र नसून एकाच सुमारास येण्याकडे त्यांचा कल असतो, असे दिसून आले. एका डिस्कच्या बिघाडाची शक्यता शंभरात दोन म्हणून दोन्ही एकदम जाण्याची शक्यता दहा हजारांत चार, असे गणित मांडणे म्हणूनच फसवे ठरते.

प्रत घेतल्यानंतर बिघाड खरोखर डिस्कचाच आहे काय, हे पाहावे. नियंत्रकाने वगळलेली प्रत्येक डिस्क निकामी असतेच असे नाही. आधुनिक डिस्क आपल्या प्रकृतीची नोंद स्वतःच ठेवते. ‘स्मार्ट’ या नावाने ओळखली जाणारी ही नोंद साध्या आज्ञेने वाचता येते. तीत अनेक आकडे असले, तरी निदानास थोडेच उपयोगी पडतात. बदललेल्या सेक्टरांची संख्या व बदलासाठी थांबलेल्या सेक्टरांची संख्या वाढत असेल, तर तबकडीचा पृष्ठभाग किंवा वाचकशीर्ष बिघडत चालले आहे. हे आकडे शून्य असून केवळ दळणवळणातील चुकांचा आकडा वाढत असेल, तर दोष बहुधा केबलचा किंवा जोडणीचा असतो. केबल बदलल्यावरही हा आकडा शून्यावर येत नाही, फक्त वाढायचा थांबतो. हे ठाऊक नसल्याने धडधाकट डिस्क फेकून दिल्या जातात. दोन्ही डिस्क एकाच क्षणी वगळल्या गेल्या, तर वीजपुरवठा अथवा नियंत्रक यांकडे संशयाने पाहावे. धूळ, कंप व विजेच्या दाबातील चढउतार यांची शक्यता असलेल्या जागी, उदा., ओतशाळेच्या आवारातील कार्यालयात, जोडण्या सैल होणे व वीजघटक कमकुवत होणे या शक्यता आधी तपासणे इष्ट.

याच्या उलट, स्मार्ट नोंद निर्दोष आहे म्हणून डिस्कही निर्दोष आहे असे मानता येत नाही. गूगल कंपनीने एक लक्षाहून अधिक डिस्कच्या निरीक्षणावरून २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निकामी झालेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कच्या बाबतीत सेक्टरबदलासारख्या महत्त्वाच्या चार निदर्शकांपैकी एकानेही पूर्वसूचना दिली नव्हती. मात्र पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक आढळल्यानंतर साठ दिवसांत डिस्क निकामी होण्याचा संभव ३९ पटींनी वाढतो, असेही त्यात दिसले. तेव्हा वाईट आकड्यांवर विश्वास ठेवावा, चांगल्या आकड्यांवर ठेवू नये.

आणखी एक कारण सहसा लक्षात येत नाही. घरगुती वापराच्या डिस्क एखादा सेक्टर वाचता आला नाही, तर तो वाचण्याचा प्रयत्न एक मिनिटाहूनही अधिक काळ करीत राहतात. घरातील एकट्या संगणकात हा हट्ट योग्यच, कारण माहितीची दुसरी प्रत नसते. पण संचाचा नियंत्रक इतका वेळ थांबत नाही. उत्तर आले नाही म्हणून तो अख्ख्या डिस्कलाच मृत ठरवितो. सर्व्हरसाठी बनविलेल्या डिस्क सुमारे सात सेकंदांत प्रयत्न सोडून चूक कळवितात व नियंत्रक तो सेक्टर दुसऱ्या डिस्कवरून भरून काढतो. स्वस्त म्हणून घरगुती डिस्क वापरलेले संच वारंवार अपूर्ण होतात, त्याचे मूळ पुष्कळदा येथे असते.

कोणती डिस्क काढावयाची : दुरुस्तीतील सर्वांत घातक चूक म्हणजे बिघडलेलीऐवजी चांगली डिस्क उपसणे. ती वाटते तितकी विरळ नाही. काही यंत्रे कप्पे शून्यापासून मोजतात, काही एकापासून. कार्यप्रणालीने डिस्कला दिलेले नाव यंत्र पुन्हा सुरू केल्यावर बदलू शकते. आणि तारा कोणी तरी पूर्वी अदलाबदल करून जोडलेल्या असतात. म्हणून कप्प्याचा क्रमांक वा प्रणालीतील नाव यांवर न विसंबता डिस्कचा अनुक्रमांक आज्ञेने वाचून घ्यावा व तो डिस्कवरील छापील चिठ्ठीशी ताडून पाहावा. संच बसवितानाच प्रत्येक कप्प्यावर अनुक्रमांकाचे शेवटचे चार अंक लिहिलेली पट्टी चिकटविली, तर पुढे ऐन गर्दीच्या वेळी यंत्र उघडावे लागत नाही. चांगली डिस्क चुकून निघालीच, तर सर्व लेखन तत्काळ थांबवावे व अनुभवी तंत्रज्ञाशिवाय पुढचे पाऊल उचलू नये.

यापेक्षाही फसवा प्रसंग मागे पडलेल्या डिस्कचा. समजा, दिवाळीत सैल केबलमुळे एक डिस्क संचातून गळाली आणि कोणाच्या लक्षात आले नाही. फेब्रुवारीत वीज गेली, यंत्र बंद पडले व पुन्हा सुरू होताना ती डिस्क परत दिसू लागली. नियंत्रकाने तिलाच मुख्य मानले, तर यंत्र सुरळीत चालू होईल, एकही चूक दाखविणार नाही. मात्र खातेवह्या दिवाळीच्या असतील. त्यानंतर पुनर्बांधणी सुरू झाली, तर दिवाळीचा मजकूर फेब्रुवारीच्या मजकुरावर लिहिला जाईल व मधले चार महिने पुसले जातील. चांगले नियंत्रक दोन्ही डिस्कवर घडामोडींचा चढता क्रमांक नोंदवून ठेवतात आणि क्रमांक मागे असलेल्या डिस्कला नाकारतात. तरीही दोन्ही डिस्क वेगवेगळ्या वेळी एकेकट्या चालल्या असतील, तर दोन्हींवर थोडा थोडा खरा मजकूर असतो व कोणताही नियंत्रक हा तंटा सोडवू शकत नाही. पुनर्बांधणीची आज्ञा देण्यापूर्वी दोन्ही डिस्कवरील शेवटच्या नोंदीची तारीख डोळ्यांनी पाहण्याची सवय त्यामुळेच मोलाची ठरते.

बदली व पुनर्बांधणी : नवी डिस्क जुनीइतकी किंवा मोठी असावी लागते. छापील आकार सारखाच असूनही निरनिराळ्या कंपन्यांच्या डिस्कमध्ये थोड्या सेक्टरांचा फरक असू शकतो आणि एक सेक्टर कमी पडला तरी संच तिला स्वीकारीत नाही. माहितीच्या पट्ट्या छपरावरील कौलांप्रमाणे एकमेकींवर चढवून लिहिणाऱ्या दाट डिस्कही बाजारात आहेत. कौल बदलताना वरची कौले हलवावी लागतात, तसे तेथे थोडे लिहिण्यासाठी शेजारचा बराच मजकूर पुन्हा लिहावा लागतो. सलग लेखनाच्या ताणाखाली त्यांचा वेग कोसळतो. सर्व्हरच्या संचात त्या बसवू नयेत. यंत्र सुरू करणारा प्रारंभिक कार्यक्रम दोन्ही डिस्कवर आहे याचीही खात्री करावी. तो एकीवरच असेल आणि तीच निकामी झाली, तर माहिती शाबूत असूनही यंत्र उठत नाही.

पुनर्बांधणीस लागणारा वेळ डिस्कच्या आकारमानावर अवलंबून असतो. चार टेराबाइटची डिस्क सेकंदाला सरासरी १५० मेगाबाइट वेगाने लिहिली गेली, तर सुमारे साडेसात तास लागतात. दिवसाचे कामकाज चालू असेल, तर याच्या दुप्पट-तिप्पट. कित्येक सामान्य डिस्कच्या वर्णनपत्रकात वाचता न येणारी चूक दर १०१४ (एकावर चौदा शून्ये) बिटांमागे जास्तीत जास्त एक, म्हणजे साधारणतः साडेबारा टेराबाइट वाचनामागे एक, अशी मर्यादा दिलेली असते. प्रत्यक्ष अनुभव याहून बरा असला, तरी चार टेराबाइट सलग वाचताना अशी चूक भेटण्याची कागदोपत्री शक्यता चारांत एकीच्या आसपास येते. दुसरी प्रत असताना अशी चूक क्षुल्लक असते. पुनर्बांधणीच्या वेळी दुसरी प्रत नसते. काही नियंत्रक या एका चुकीपायी संपूर्ण पुनर्बांधणी सोडून देतात. यावर उपाय बिघाडापूर्वीच करावयाचा असतो. संच निरोगी असतानाच ठराविक काळाने दोन्ही डिस्क संपूर्ण वाचून ताडून पाहिल्या, तर लपलेले नादुरुस्त सेक्टर वेळीच सापडतात. डेबियन या लिनक्सप्रकारात ही तपासणी महिन्याच्या पहिल्या रविवारी आपोआप होण्याची योजना आहे.

तपासणीत दोन्ही डिस्कवरील मजकूर भिन्न आढळला, तर मात्र साध्या आरशाची एक मूलभूत उणीव उघडी पडते. दोन साक्षीदार परस्परविरोधी बोलत असता खरे कोणाचे, हे ठरविण्याचे साधन त्यापाशी नसते. सन मायक्रोसिस्टिम्सने २००५ मध्ये खुल्या केलेल्या झेडएफएस या प्रणालीत प्रत्येक मजकुराबरोबर त्याची पडताळा-बेरीजही साठविली जाते. त्यामुळे कोणती प्रत बिघडली हे कळते व चांगल्या प्रतीवरून ती सुधारता येते.

प्रतिबिंब व प्रत : आरशात जे दिसते ते समोर असलेलेच. एखाद्याने चुकून खाते पुसले, तर ते दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसले जाते. खंडणीसाठी माहिती कुलूपबंद करणारा घातक कार्यक्रम यंत्रात शिरला, तर तो दोन्ही डिस्कना सारखाच लागू होतो. मराठी मुलखातील जुन्या महसूल-व्यवस्थेत गावचा हिशेब कुलकर्ण्याकडे व परगण्याचा देशपांड्याकडे असे. दोन दप्तरे, दोन माणसे व दोन गावे असल्याने एकाचा पडताळा दुसऱ्यावरून घेता येई. प्रतिबिंबित संचातील दोन्ही डिस्क मात्र एकाच दप्तराची दोन पाने आहेत.

कोल्हापूरने याचा पडताळा पुरात घेतला आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये व पुन्हा जुलै २०२१ मध्ये नदीने ५५ फुटांची पातळी ओलांडली. शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर यांसारख्या व्यापारी भागांत पाणी शिरले, पुणे-बंगळूरू महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला आणि २०१९ मध्ये वीज उपकेंद्रेही पाण्याखाली गेली. तळमजल्यावरील एका पेटीत असलेल्या दोन डिस्क अशा वेळी एकच ठरतात. पाण्यात बुडालेली डिस्क वाळवून लगेच वीज देऊ नये. आतील गाळ व क्षार तबकडी आणि वाचकशीर्ष यांच्यामध्ये येतात व वाचू शकली असती अशी माहितीही खरवडून जाते. ती ओलसर अवस्थेतच हवाबंद पिशवीत घालून माहिती परत मिळविणाऱ्या प्रयोगशाळेकडे पाठविणे श्रेयस्कर. खर्चिक असा हा उपाय टाळण्यासाठी एक प्रत नदीच्या खोऱ्याबाहेर, निदान वेगळ्या उंचीवरील इमारतीत ठेवतात व ती अधूनमधून प्रत्यक्ष उघडून पाहतात. न उघडलेली प्रत गरजेच्या दिवशी रिकामी निघाल्याची उदाहरणे कमी नाहीत.

काढलेली डिस्क : संचातून काढलेली डिस्क निरुपयोगी वाटली, तरी तिच्यावर संपूर्ण संचाची प्रत असते; प्रतिबिंबनाचा अर्थच तो. सभासदांची खाती, रुग्णांची कागदपत्रे वा कर्मचाऱ्यांचे पगारपत्रक अन्य एखाद्या यंत्राला ती जोडून वाचता येण्याचा संभव असतो. केवळ केबलच्या दोषामुळे ती वगळली गेली असेल, तर संभवाऐवजी खात्रीच समजावी. चालू असलेल्या डिस्कवरील मजकूर पूर्ण पुनर्लेखनाने पुसता येतो. जी डिस्क आज्ञाच घेत नाही, तिच्या तबकड्या फोडाव्या किंवा वाकवाव्या लागतात. हमीच्या मुदतीतील बिघडलेली डिस्क परत दिल्याशिवाय बहुतेक उत्पादक बदली देत नाहीत. म्हणून काही संस्था डिस्क स्वतःजवळच ठेवण्याची मुभा देणारा करार जादा पैसे देऊन आधीच करतात, तर काही नव्या डिस्कचा खर्च सोसून जुनी आपल्याच आवारात नष्ट करतात. संचातील मजकूर सुरुवातीपासूनच सांकेतिक स्वरूपात लिहिला असेल, तर हा प्रश्न बराच सौम्य होतो. मात्र सांकेतिक लिपीची किल्ली त्याच संचावर ठेवलेली नसावी.